आत्याबाईंचा अंगठा



गेल्या पंधरवड्यातल्या टपालातून एक पत्र बाजूला काढून ठेवले होते. ऊसपट्ट्यातल्या एका सुनेचे आहे. ती लिहिते, "आमच्या आत्याबाई बासष्ट वर्षांच्या आहेत. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, हात टेकला, एवढ्यावर मनगट मोडले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात प्लॅस्टर घातले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर हाडे तपासली आणि फार ठिसूळ झाली आहेत म्हणून सांगितले. पुढच्या खेपेला त्यांनी विचारले, ठिसूळ हाडांवरच्या एका औषधाचा अभ्यास चालू आहे, त्यात नाव घालता का? दहा-बारा पानांचा कागद हातात दिला आहे. आत्याबाई म्हणतात, फुकट औषध मिळतंय तर उठवू अंगठा. आमचे हे म्हणतात, आई काय प्रयोगाचा उंदीर आहे का? मी मधल्यामध्ये. काय करू?"

हा प्रश्न एका घरचा नाही, म्हणून उत्तर पाकिटात न घालता इथेच लिहिते. आत्याबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि त्यांच्या मुलाचेही अर्धेच बरोबर आहे. ते कसे, हे कळायला आधी हाडाकडे बघावे लागेल.

हाड म्हणजे दगड नव्हे

आपल्याला वाटते, हाड एकदा घडले की जन्माचे झाले. तसे नाही. मातीच्या भिंतीसारखे त्याचे आहे. सणाआधी आपण पोपडे खरवडून काढतो आणि नवा गिलावा देतो, तसे काम हाडात रोज चालते. खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, लिंपणाऱ्या वेगळ्या. तरुणपणी दोघींचा मेळ बसलेला असतो. पाळी चालू असते तोवर बीजांडकोशातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात येतो आणि तो खरवडणाऱ्यांना आवरून धरतो. पाळी गेली की हा रस आटतो. मग खरवडणे वाढते आणि लिंपणे मागे पडते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज फार वेगाने होते. पाळी जाणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा हा संबंध अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास मांडला.

या झिजेला कळ नसते, ताप नसतो. बहुतेकींना पहिली खबर हाड मोडल्यावरच लागते. मनगट, पाठीचा मणका आणि खुबा ही तिची नेहमीची ठिकाणे. मणका तर पुष्कळदा पडल्याशिवायच आतल्या आत दबतो. उंची घटते, पाठीला पोक येते, आणि आपण म्हणतो, वय झाले. खुबा मोडला तर चालती-फिरती बाई अंथरुणाला खिळते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. कित्येकींची पाळी वयाने जात नाही, पिशवी काढल्यामुळे जाते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची सरकारी समितीने २०१९ साली पाहणी केली. सुमारे ८२ हजार जणींत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते आणि हाडांची झीज ऐन तरुणपणी सुरू होते. ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी जुने कागद शोधावेत आणि नेमके काय काढले ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

रीत मूळची शेतातली

आता अभ्यास म्हणजे काय ते पाहू. समजा, दुकानदाराने नवे खत दिले. तुम्ही सगळ्या रानात टाकले आणि पीक जोरात आले. ते खतामुळे की पावसामुळे? सांगता येणार नाही. जाणता शेतकरी काही वाफ्यांना खत देतो आणि काही तसेच ठेवतो. त्यातही भारी जमिनीचे वाफे खताला आणि मुरमाड वाफे बिनखताला, अशी वाटणी केली तर ती लबाडी झाली. म्हणून कोणता वाफा कशाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या वर्षांत ही रीत शास्त्रात बसवली. पुढे डॉक्टरांनी ती उचलली. औषध पारखण्याची रीत अशी शेतातून दवाखान्यात गेली आहे.

औषधाच्या अभ्यासात बायांचे दोन गट असेच चिठ्ठीने पाडतात. एका गटाला नवे औषध मिळते. दुसऱ्या गटाला आधीपासून चालत आलेले औषध मिळते, नाही तर दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी मिळते. कोणाला काय मिळाले हे त्या बाईला ठाऊक नसते, आणि बहुधा तिला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. कारण औषध घेतले या समाधानानेच बरे वाटू लागते, आणि औषध दिले हे ठाऊक असलेला डॉक्टरही आशेच्या डोळ्यांनी बघतो.

तेव्हा आत्याबाईंना पहिली गोष्ट सांगा : "फुकट औषध" मिळेलच असे नाही. अभ्यास त्या औषधाची परीक्षा घेण्यासाठी असतो. त्यातून आत्याबाईंचा फायदा झाला तर चांगलेच, पण तसा शब्द कोणी देऊ शकत नाही.

जाड हाड आणि बळकट हाड

मग एवढा खटाटोप कशाला? डॉक्टर शिकलेले असतात, त्यांना कळत नाही का? ऐका.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या वाचकांना फ्लोराइडचे पाणी ठाऊक आहे. त्या पाण्याने दात पिवळे पडतात, सांधे आखडतात. पण याच फ्लोराइडने हाडे दाट होतात, हेही डॉक्टरांना दिसले होते. तेव्हा ठिसूळ हाडांना तेच औषध द्यावे, असा विचार पुढे आला आणि काही डॉक्टर ते देऊही लागले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने पाळी गेलेल्या २०२ बायांना घेऊन चार वर्षे अभ्यास केला. सगळ्यांना कॅल्शियम दिले, आणि निम्म्यांना त्याबरोबर रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. निकाल १९९० साली छापून आला. फ्लोराइड घेतलेल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. नुसते मशीनचे आकडे पाहिले असते तर पेढे वाटले असते. पण मणके मोडण्याचे प्रमाण कमी झाले नव्हते, आणि मणक्याखेरीज इतर हाडे मोडण्याचे प्रकार फ्लोराइडच्या गटात ७२ निघाले, दुसऱ्या गटात २४. हाड जाड झाले होते, पण बळकट झाले नव्हते.

दुसरी गोष्ट इस्ट्रोजेनची. जो रस आटला तोच गोळीतून द्यावा, हे कोणालाही पटेल. अमेरिकेत असंख्य बाया त्या गोळ्या घेत होत्या. हाडांना चांगल्या आणि हृदयालाही चांगल्या, अशी समजूत होती. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशा जोडगोळीच्या परीक्षेसाठी ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बाया आल्या. २००२ च्या जुलैत हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्या दर १०,००० बायांमागे वर्षाला खुबा मोडण्याचे ५ प्रकार कमी झाले होते. पण स्तनाचा कर्करोग ८ जणींना, अर्धांगवायू ८ जणींना, फुप्फुसात रक्ताची गुठळी ८ जणींना आणि हृदयविकार ७ जणींना जास्त झाला होता. पाळी नुकतीच गेलेल्या पन्नाशीच्या आसपासच्या बायांसाठी डॉक्टर आज हा हिशेब वेगळा मांडतात. पण नुसती हाडे राखायला म्हणून वर्षानुवर्षे ही गोळी सरसकट सगळ्यांना देणे मागे पडले.

तिसरी गोष्ट यशाची. आधीच मणका दबलेल्या ५५ ते ८१ वयाच्या २,०२७ बाया अमेरिकेतच एका अभ्यासात आल्या. जवळजवळ निम्म्यांना अ‍ॅलेंड्रोनेट आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्यांना दोन्ही गटांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले. सुमारे तीन वर्षांत औषध नसलेल्या गटात २२ जणींचा खुबा मोडला, औषधाच्या गटात ११ जणींचा. १९९६ साली हा निकाल आला. हे औषध आपल्याकडेही आठवड्याला एक गोळी या रीतीने देतात. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाही तर अन्ननलिकेला जखम होते.

या तिन्ही अभ्यासांतल्या बायांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. फ्लोराइडच्या गटातल्या कित्येकींनी त्या औषधाच्या पायी हाडे मोडून घेतली. पण आज कोणी डॉक्टर तुमच्या सासूबाईंच्या ठिसूळ हाडांवर फ्लोराइडची गोळी लिहून देत नाही, हे त्यांचेच देणे आहे.

आपल्या बाया कुठे आहेत?

या तिन्ही गोष्टी अमेरिकेतल्या आहेत, हे तुमच्या ध्यानात आले असेल. हाडे ठिसूळ कधी म्हणायची, ती रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली, तीही मुख्यतः गोऱ्या बायांच्या मोजमापांवरून. आपली बाई बांध्याने लहान, बाळंतपणे जास्त, डोक्यावर भारा आणि कमरेवर घागर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००५ साली गरीब घरांतल्या २८९ बायांचा अभ्यास छापला. त्यांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम होते सुमारे २७० मिलिग्रॅम. पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम लागते, असे आपलीच वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. काळ्या रानात उतरलेले वाण लाल मातीत तसेच उतरेल, असे शेतकरी धरून चालत नाही. मग औषधाचे तरी तसे का धरावे? म्हणून आपल्याकडच्या बायांनी अशा अभ्यासात जावे, याला अर्थ आहे.

पण बाई म्हणजे वाफा नव्हे

आता मुलाच्या बोलण्याकडे येऊ. त्याची भीती उगीच नाही. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा भागात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प चालला. हजारो शाळकरी मुलींना लस टोचली. खम्ममला कित्येक मुलींच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. काही मुली पुढे दगावल्या. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमती नीट घेतली नव्हती हे उघड झाले. २०१० साली प्रकल्प थांबवला आणि २०१३ साली संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. त्यानंतर नियम कडक होत गेले. आज २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम लागू आहेत.

उंदराला कोणी विचारत नाही आणि त्याला पिंजरा सोडता येत नाही. बाईला विचारावेच लागते, आणि आत गेल्यावरही तिला केव्हाही बाहेर पडता येते. हा फरक कागदावर आहे. तो प्रत्यक्षात राहावा, हे घरच्यांनी बघायचे आहे. त्यासाठी दवाखान्यात जाऊन हे प्रश्न विचारा. लिहून न्या आणि उत्तरेही लिहून आणा.

पहिला प्रश्न : औषध कोणते? माणसांवर आधी वापरले आहे का, आणि त्याचे कोणते त्रास दिसले आहेत?

दुसरा प्रश्न सर्वांत मोठा : दुसऱ्या गटाला काय देणार? आत्याबाईंचे मनगट आधीच मोडले आहे. ठिसूळ हाडांवर गुण येणारी औषधे आज हाताशी आहेत. अशा बाईला दोन-तीन वर्षे रिकाम्या गोळीवर ठेवायचे असेल, तर तसे का, याचे उत्तर मिळालेच पाहिजे. मध्येच दुसरे हाड मोडले किंवा घनता फार उतरली, तर अभ्यासातून काढून नेहमीचे औषध सुरू करणार का, तेही विचारा. उत्तर पटले नाही तर सरळ नाही म्हणा.

तिसरा प्रश्न : किती वर्षे आणि किती खेपा? एसटीचे भाडे कोण देणार? सुगीच्या दिवसांत तारीख आली तर मागेपुढे होईल का? भाडे आणि बुडालेली मजुरी देणे रास्त आहे. पण कोणी मोठ्या पैशाचे आमिष दाखवत असेल तर तिथून उठा.

चौथा प्रश्न : त्रास झाला तर? नियम असा आहे की अभ्यासात भाग घेतल्याने इजा झाली, तर उपचार मोफत करावे लागतात आणि भरपाई द्यावी लागते. दगावल्यास भरपाई वारसाला मिळते. म्हणूनच त्या कागदावर वारसाचे नाव लिहायची जागा असते. ती कोरी ठेवू नका.

पाचवा प्रश्न : अभ्यास संपल्यावर काय? हाडांच्या काही औषधांत हा प्रश्न जिवाभावाचा आहे. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचे डेनोसुमॅब नावाचे इंजेक्शन आहे. ते चांगले काम करते, पण पुढची सोय न लावता बंद केले तर झीज उलट वेगाने सुरू होते आणि मणके मोडू शकतात. तेव्हा पुढचे औषध कोण देणार, हे आधीच विचारून ठेवा.

सहावा प्रश्न : नोंद आहे का? २००९ च्या जूनपासून आपल्या देशात नव्या औषधाच्या चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करणे सक्तीचे आहे. नोंदीचा क्रमांक मागा. घरातल्या शिकत्या मुलाला तो मोबाइलवर पाहता येतो. तसेच अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे नीतिसमितीची मान्यता लागते. या समितीत निदान सात जण असतात. त्यांत निम्मे त्या दवाखान्याबाहेरचे, आणि एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा आणि निदान एक बाई असते. समितीचा फोन कागदावर असतो. डॉक्टरांकडून उत्तर मिळाले नाही तर तिथे विचारायचे.

आपल्याकडूनही काही लपवू नका. आत्याबाई मिश्री लावत असतील, दम्याच्या गोळ्या खात असतील, पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर सांगा. सांधेदुखीवर बाजारातली पुडी घेत असतील तर ती पुडीच दाखवायला न्या. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते, आणि तेच हाडे पोखरते. दात काढायचा असेल तेही सांगा, कारण हाडांच्या काही औषधांनी क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही.

निर्णय कोणाचा?

आता, सूनबाई, तुमच्या "मी काय करू" याचे उत्तर. निर्णय तुमचा नाही आणि तुमच्या मालकांचाही नाही. आईचे वय झाले, तिला काय कळते, म्हणून मुलाने परस्पर सही ठोकायची, ही आपल्या घराघरांतली रीत इथे चालत नाही. आत्याबाई शुद्धीवर आहेत, शहाण्या आहेत. हो म्हणायचे तर त्यांनी, नाही म्हणायचे तरी त्यांनीच.

त्यांना वाचता येत नसेल तर तो कागद त्यांना आपल्या भाषेत, सगळाच्या सगळा वाचून दाखवला पाहिजे. अशा वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो. त्या दिवशीच अंगठा उठवण्याची घाई नाही. कागद घरी आणा. रात्री जेवणे आटोपल्यावर चार पाने तुम्ही वाचा, चार पाने मुलाने वाचावीत, आणि काय कळले ते आत्याबाईंनाच सांगायला लावा. त्यांना सांगता आले तर त्यांना कळले. अंगठा उठवल्यावर त्याची एक प्रत मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत नीट ठेवा.

आणि त्या नाही म्हणाल्या तर? काही बिघडत नाही. त्यांचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. डॉक्टरीणबाईंना साधे म्हणायचे, अभ्यासात यायचे नाही, पण हाडांचे जे औषध रुळलेले आहे ते सुरू करा. होकार असो वा नकार, मोडलेल्या मनगटाचा इशारा मात्र वाया घालवू नका. गोठ्याच्या उंबऱ्याशी दिवा लावा, शेणाची जागा रोज कोरडी करा, रात्री उठताना टेकायला काठी ठेवा. ताटात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, पेलाभर दूध किंवा दही येऊ द्या. घरचे सगळे दूध डेअरीला घालून घरच्या म्हातारीला काळा चहा, हे आता पुरे.

आत्याबाईंनी काय ठरवले ते मला कळवा. होकार दिला असेल तर कोणकोणती उत्तरे मिळाली ती लिहा, नकार दिला असेल तर कशावरून ते लिहा. दुसऱ्या कोणाच्या घरी असाच कागद आला असेल, तर तिला तुमच्या पत्राचा माझ्या लेखापेक्षा जास्त उपयोग होईल.